पसरणीचा घाट आणि पंचविसाची मर्यादा

वाईस ज्यांचें बालपण गेलें त्यांस पसरणीचा घाट म्हणजे काय हें सांगावयास नको. गांवाबाहेर जरा मोकळ्यावर उभें राहून पश्चिमेकडे दृष्टि टाकिली कीं डोंगराच्या कुशींतून वर वर गेलेला तो रस्ता दिसतो आणि रात्रीं त्यावरून मोटारींचे दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे सरकत असतात. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंच, तर पांचगणी तेराशेंच्या जवळपास. मधलें अंतर बारा-तेरा किलोमीटरांचें. मोटारींत बसलेल्यास हा आंकडा कांहींच सांगत नाहीं. पायांस मात्र तो सर्व कांहीं सांगतो.

१९७३ च्या उन्हाळ्यांत मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत असतां मी व माझा एक मित्र तासाच्या भाड्यानें घेतलेल्या दोन सायकलींवरून हा घाट चढलों. ‘चढलों’ हें क्रियापद मित्राच्या बाबतींत खरें. मी निम्म्याहून अधिक वाट सायकल हातीं धरून चाललों. वर पोंचल्यावर तो म्हणाला, “पेन्शनींत निघाल्यावर पुन्हां येऊं. तेव्हां तरी खालीं उतरूं नकोस.” पेन्शन आम्हां दोघांसहि मिळाली. परंतु हें ना तें करीत दिवस गेले, आणि चार वर्षांपूर्वीं तो गेला.

मला आतां अडुसष्टावें वर्ष चालूं आहे. गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनीं सपाट रस्त्यावर सायकल चालविण्यास परवानगी दिली होती, चढावर नव्हे. अशा स्थितींत पुण्यास असलेल्या चिरंजिवानें गेल्या दिवाळींत एक विजेची सायकल धाडून दिली. सौभाग्यवतींनीं तिला ओवाळलें आणि लागलीच मला बजावलें, “अहो, ही घेऊन घाटांत जावयाचें नाहीं.” माझ्या मनांतील गोष्ट त्यांस नेहमींच माझ्याआधीं कळते.

ज्या वाचकांस ह्या वाहनाची ओळख नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगतों. दिसण्यांत ती साधी सायकलच. मागच्या चाकाच्या तुंब्यांत एक लहानशी मोटार असते व दांडीवर बॅटरीची पेटी. पायडल मारूं लागलें कीं मोटार हलकेच पाठीमागून ढकलल्यासारखी मदत करते; पाय थांबले कीं तीहि थांबते. लहानपणीं सायकल शिकतांना वडील मागें आसन धरून धांवत, तसा कांहींसा हा अनुभव आहे. माझ्या सायकलीची बॅटरी ३६ व्होल्टांची व १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॅट-तासांची. ती पूर्ण भरावयास अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते.

पहिल्याच दिवशीं शेजाऱ्यांनीं प्रश्न केला कीं, हिला क्रमांकाची पाटी कां नाहीं? प्रश्न रास्त होता. आमच्या पिढीस १९७२ सालीं निघालेली लूना आठवत असेल. तिलाहि पायडलें होतीं. तरी पेट्रोलच्या ५० घन सेंटिमीटरच्या इंजिनामुळें कायद्यानें ती मोटारच ठरली, आणि तिला पाटी व चालविणाऱ्यास परवाना लागे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंतून चारांहून कमी चाकांचें व २५ घन सेंटिमीटरांपर्यंतच्या इंजिनाचें वाहन वगळलेलें आहे. बॅटरीवरच्या सायकलीची गोष्ट केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. मोटारीची अर्ध्या तासाची शक्ति २५० वॅटांहून कमी असावी. गति ताशीं २५ किलोमीटरांकडे जाऊं लागली कीं मोटारीचें साहाय्य क्रमानें घटत जाऊन तेथें सर्वथा बंद व्हावें. पाय थांबले तर त्याआधींहि बंद व्हावें. बॅटरी सोडून वजन ६० किलोंहून अधिक नसावें. ब्रेक धड असावेत, पुढें पांढरा व मागें तांबडा असे प्रकाश परतविणारे तुकडे लाविलेले असावेत. आणि ह्या सर्वांची तपासणी मान्य संस्थेकडून झालेली असावी. अशी एक संस्था पुण्यास वेताळ टेकडीवर आहे. एवढें सारें जुळलें म्हणजे ती सायकल; एक अट मोडली कीं मोटार. मग नोंदणी आली, परवाना आला, विमा आला.

मीं छत्तीस वर्षें मुलांस शिकविलें. नियम कशाकरितां असतात हें फळ्यावर कितीदां लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. म्हणूनच पुढील हकीकत लिहितांना संकोच वाटतो. पण ती गाळली तर घाटाच्या वर्णनास कांहीं अर्थ राहणार नाहीं.

सायकल घेऊन मी एका दुकानीं हवा भरावयास गेलों. दुकानदार माझाच विद्यार्थी. त्यानें यंत्र पाहिलें आणि खालच्या आवाजांत म्हणाला, “गुरुजी, आंत एक तार आहे. ती सोडली कीं पंचविसाचा अटकाव जातो. पस्तिसाच्या पुढें पळेल. सगळेच करून घेतात.” मीं ‘नको’ म्हणावयास हवें होतें. मी म्हणालों, “त्यानें यंत्र बिघडत तर नाहीं ना?” वाचक ओळखतीलच कीं, हा प्रश्न नव्हे, होकारच होता. दोन मिनिटांत काम झालें. त्यानें पैसे घेतले नाहींत. गुरुदक्षिणा म्हणाला!

पुढचे आठ दिवस मी फार सुखांत होतों, हें कबूल केलें पाहिजे. म्हातारपणीं वारा कानांवरून जाण्याचें सुख निराळेंच असतें. रोज सायंकाळीं मेणवलीच्या रस्त्यास लागावें, दोहों अंगांस ऊंस नि हळदीचीं रानें, डावी-उजवीकडे न बघतां सुटावें, आणि नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर जाऊन बसावें. अलीकडे कांहीं मंडळी २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटांतील घाट म्हणून तो पाहावयास येतात. नानांचें नांव त्यांस मागाहून कळतें. तेथील देवळाशीं टांगलेली मोठी घंटा चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतल्यावर आणविलेल्या घंटांपैकीं आहे. तिच्यावर मेरीची मूर्ति व १७०७ हा आंकडा आहे. चर्चमधील घंटा कृष्णाकांठीं येऊन महादेवासमोर स्वस्थ टांगलेली पाहिली कीं मला नेहमीं गंमत वाटते. त्या आठ दिवसांत मात्र मीं तिच्याकडे एकदांहि नीट पाहिलें नाहीं. पुन्हां केव्हां सुटतों, हीच घाई.

आठव्या दिवशीं परततांना किंचित् उतार होता. गतिमापकावर ३७ चा आंकडा. पुढें बांधावरून एक म्हातारी डोईवर गवताचा भारा घेऊन रस्त्यावर उतरली. तिनें मला पाहिलें, हें मीं स्पष्ट पाहिलें. पाहून ती निर्धास्तपणें रस्ता ओलांडूं लागली. मीं ब्रेक आंवळले, चाक घसरलें, हातदांडी भाऱ्यास लागली, ती खालीं बसली आणि मी चरांत गेलों.

तिचें कोपर सोललें होतें, माझा गुडघा. अधिक कांहीं झालें नाहीं, हें दोघांचें दैव. वेग दीडपट झाला म्हणजे आघाताचा जोर सव्वादोनपट होतो, हें गणित मीं सातवीच्या मुलांस किती वेळां घातलें असेल! पण मला त्या क्षणीं गणित सुचलें नाहीं. सुचलें तें एवढेंच कीं, तिची कांहींच चूक नव्हती. तिनें सायकल पाहिली होती. इतक्या दुरून सायकल यावयास किती वेळ लागतो, हा तिचा जन्मभराचा हिशेब, आणि तो अगदीं बरोबर होता. मीच सायकलीच्या वेषांत दुसरें कांहींतरी घेऊन आलों होतों. आमच्या शास्त्रीबोवांनीं ‘वेला’ शब्दाचे अर्थ सांगतांना काळ, सीमा आणि समुद्राचा कांठ असे तिन्ही एका दमांत सांगितले होते. ह्या तिहींचा संबंध काय, हा प्रश्न तेव्हां मला पडला होता. तो त्या चरांत बसल्या बसल्या उलगडला.

“गुरुजी न्हवं का तुमी?” म्हातारी म्हणाली. “माझ्या थोरल्याला तुमीच शिकिवलंय. लागलं का वं लई?”

तिला वाईस डॉक्टरांकडे नेलें, पट्टी बांधविली, सुई टोचविली. पैसे ती घेईना. “सायकल लई पळतीया तुमची,” एवढेंच जातांना म्हणाली. तिच्या जागीं हात-पाय मोडला असता, तर पाटी नसलेलें, विमा नसलेलें, कायद्यानें सायकलहि न राहिलेलें असें तें वाहन घेऊन मी कोणत्या तोंडानें चौकीवर उभा राहिलों असतों, हा विचार त्या रात्रीं मला झोंपूं देईना. घरीं मीं ‘पडलों’ असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खरें सांगितलें. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. तें बोलण्यापेक्षां जड गेलें.

तार पुन्हां जोडून घेतली. विद्यार्थ्यास वाटलें, गुरुजी भ्याले. भ्यालों होतोंच.

त्यानंतर फेब्रुवारींत एका मंगळवारीं, सौभाग्यवतींची संमति घेऊन, मी घाटास निघालों. वार मुद्दाम निवडला. शनिवार-रविवारीं मुंबई-पुण्याच्या गाड्यांनीं घाट तुंबतो. डोक्यास शिरस्त्राण घातलें होतें. असल्या सायकलीस कायद्यानें तें सक्तीचें नाहीं, पण डोकें फुटतांना कायदा विचारीत नाहीं. पहांटे साडेसहास पसरणी गांव मागें पडलें. शाहीर साबळ्यांचें हें जन्मगांव.

घाट सुरू होतांच मला माझेंच हसूं आलें. ज्या पंचविसाच्या मर्यादेचा मला एवढा जाच वाटला होता, तिची येथें गांठच पडेना! चढावर गति बारा, कधीं चौदा. मोटार गुणगुणत आहे, पाय फिरत आहेत, श्वास लागतो पण तुटत नाहीं. मनांत आंकडेमोड केली: मी व सायकल मिळून ९२ किलो, उंची ६०० मीटर, एवढें ओझें वर न्यावयास सुमारें १५० वॅट-तास. बॅटरींत त्याच्या दुपटीहून अधिक आहेत आणि कांहीं भार माझे पायहि उचलणार. हिशेब जुळला तेव्हां धीर आला.

वळणागणिक खोरें उघडत जातें. प्रथम वाईचीं घरें, मग कृष्णेची वांकडी रेघ, मग धोम धरणाचें पाणी, पलीकडे पांडवगड. बुवासाहेबांच्या देवळाशीं थांबून पाणी प्यालों. माकडें सायकल न्याहाळूं लागलीं. एकानें बॅटरीच्या पेटीवर हात ठेवून पाहिला आणि खाण्याचें नाहीं असें ठरविलें. एस. टी. मागून आली कीं मी कडेला होत असें. एका चालकानें हात वर केला. १९७३ सालीं जेथें मी प्रथम खालीं उतरलों होतों तें वळण ओळखूं आलें. रस्ता आतां पुष्कळ रुंद झाला आहे, पण दरड तीच. तेथें थांबावें असें फार वाटलें. थांबलों नाहीं. ‘उतरूं नकोस’ असें सांगितलें होतें ना!

पांचगणीस सिल्व्हर ओकच्या सांवलींत सायकल टेकवून बसलों तेव्हां बॅटरी निम्म्याच्या आंतबाहेर उरली होती. तेथें बसून दोन कप चहा घेतला. दोन कां, हें टपरीवाल्यानें विचारलें नाहीं. मग स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या घेतल्या आणि ऊन उतरल्यावर परत निघालों.

उतरण्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पंचविसाचें बंधन मोटारीस आहे, डोंगरास नाहीं. उतारावर मोटार निजलेली असते, आणि सायकल आपल्याच भारानें तीस-पस्तीस गांठूं पाहते. तेथें तार वगैरे कांहीं नाहीं. दोन बोटें आणि ब्रेक. सारखे दाबून धरले तर ब्रेकच्या चकत्या तापतात, म्हणून मधून मधून दाबीत व सोडीत, दोन ठिकाणीं थांबून त्या निवूं देत उतरलों. गतिमापक बावीस-तेविसावर ठेवला होता.

वाईंत न शिरतां तसाच मेणवलीच्या रस्त्यास लागलों. सूर्य मावळतीस आला होता. त्याच बांधावरून तीच म्हातारी, तसाच भारा घेऊन खालीं उतरली. तिनें मान वळवून माझ्याकडे पाहिलें, आणि सावकाश रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मला ब्रेकवर बोट ठेवावें लागलें नाहीं.

एक पेटी तिच्या हातीं दिली. दुसरी घरची. पेटी उघडून बघत ती म्हणाली, “लांबनंच वळाकलं म्या तुमास्नी. म्हनलं, आज जातंय वलांडून.”