रक्त आधी लागतं

धायरीत आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर 13 फेब्रुवारीला असतं. तारीख ऐकली की नवीन माणूस हमखास सुचवतो, "एक दिवस पुढे ढकला ना काकू, व्हॅलेंटाइनला पोरं जास्त येतील." मग त्याला 2010 सांगावं लागतं. इथल्या सोसायट्यांमधली निम्मी माणसं तेव्हा पुण्यात आलेलीही नव्हती, आणि शिबिराच्या सकाळी खुर्च्या मांडणारी पोरं तेव्हा बालवाडीत होती. त्यांना माहीत नाही यात त्यांचा दोष नाही. सांगायचं काम आमचं होतं आणि आम्ही ते टाळलं.

मी तेव्हा शहरातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. त्या शनिवारी माझी दुपारपाळी होती. शनिवारी संध्याकाळी ठरलेल्या शस्त्रक्रिया नसतात, त्यामुळे काम तसं निवांत. सातनंतर कधीतरी फोन आला की कोरेगाव पार्कात कुठेतरी सिलिंडर फुटलाय, भाजलेले पेशंट आहेत, प्लाझ्मा किती आहे बघून ठेवा. पहिला तासभर सगळं शहर सिलिंडरच म्हणत होतं. मग टीव्हीवर नाव आलं, जर्मन बेकरी. टेबलाखाली कुणीतरी ठेवून गेलेल्या बॅगेत बॉम्ब होता.

खरं सांगायचं तर तोवर मी त्या बेकरीत पाऊल टाकलं नव्हतं. धायरीच्या माणसाला कोरेगाव पार्क म्हणजे वेगळंच गाव. ओशो आश्रमाजवळची ती जागा, तिथे परदेशी लोक आणि कॉलेजची मुलं एकेका चहावर दोन-दोन तास बसून असतात, एवढंच ऐकून माहीत. त्या स्फोटात 17 माणसं गेली आणि साठेक जखमी झाली. मेलेल्यांमध्ये पुण्यात शिकायला आलेली मुलं होती, एक बहीणभाऊ होते, इटलीची एक बाई, इराणचा आणि सुदानचा विद्यार्थी होता, आणि त्याच बेकरीत टेबलं पुसणारा नेपाळी वेटरही होता.

जखमींना जवळच्या बुधरानीत, जहांगीरमध्ये, ससूनला नेलं. आमच्याकडे आली ती फक्त कागदं आणि नळ्या. मागणीपत्रावर नावाच्या जागी 'अनोळखी, पुरुष, वय अंदाजे 25' असं लिहिलेलं, खाली डॉक्टरची घाईतली सही. नमुना आला की रक्तगट बघायचा, मग क्रॉस-मॅच. नीट करायचं तर त्याला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर डॉक्टरच्या लेखी जबाबदारीवर ओ निगेटिव्ह द्यायचं. आणि ओ निगेटिव्ह हा आपल्याकडे शंभरात एक-दोघांचा गट. फ्रिजचं दार उघडून पिशव्या मोजताना माझे हात गार पडले होते, ते काही फ्रिजमुळे नव्हे.

तोवर खाली दारात गर्दी झाली. कुणी आवाहन केलं नव्हतं, बातमी बघून लोक निघाले होते. रिक्षावाले, आयटीतली पोरं, डोक्याला रुमाल बांधलेल्या मुली, जेवणाचं ताट सारून आलेले एक आजोबा. "माझं घ्या, आत्ता घ्या." पुण्याबद्दल लोक काहीबाही बोलतात, पण ती रात्र मी बघितली आहे.

फक्त त्यांना एक गोष्ट सांगताना जीभ अडखळत होती. त्या रात्री दिलेलं रक्त त्या रात्री कामाला येत नाही. एचआयव्ही, दोन्ही कावीळ, गुप्तरोग, मलेरिया एवढ्या तपासण्या झाल्याशिवाय पिशवी देता येत नाही, आणि त्यात सकाळ होते. त्या रात्री पाठवलेल्या पिशव्यांवरच्या तारखा मी वाचल्या होत्या. बहुतेक 26 जानेवारीच्या शिबिरांतल्या होत्या. प्रजासत्ताक दिनाला कुठल्या तरी सोसायटीत झेंडावंदनानंतर बिस्किट आणि कॉफी घेऊन जी माणसं घरी गेली, त्यांचं रक्त अठरा दिवसांनी त्या अनोळखी मुलाला चढलं. देणाऱ्याला हे कधी कळलं नाही. घेणाऱ्यालाही नाही.

दारातल्या लोकांमधल्या थोड्या जणांचं रक्त आम्ही घेतलं, बाकीच्यांची नावं, गट आणि फोन लिहून घेतले. सगळ्यांचं एकदम घेतलं असतं तर पुढच्या महिन्यात पिशव्या फेकायची वेळ आली असती. रक्त पस्तीस दिवस टिकतं, प्लेटलेट फक्त पाच. तीन आठवड्यांनी त्या यादीवरून फोन लावले तेव्हा बोटांवर मोजण्याइतके आले. बाकीच्यांचं म्हणणं, "आता तर सगळं शांत आहे ना?"

या वाक्याची मला चीड आहे. शांत आहे तेव्हाच तर द्यायचं असतं.

दुसरं एक वाक्य त्याच आठवड्यात धायरीत ऐकलं. बसस्टॉपवर, भाजीवाल्याकडे, आमच्या जिन्यात. "पण मुलींनी कशाला जायचं असल्या ठिकाणी?" बोलणाऱ्या बायका वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा अकरावीला. तिलाही दोघीतिघींनी समजावलं. मला वाटतं, बॉम्ब ठेवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. ओळख ना पाळख अशा माणसांनी एका बाकावर बसावं, मुलीने मित्राबरोबर चहा प्यावा, सुदानच्या पोराने पुण्याला आपलं म्हणावं, यात त्याला पोटशूळ. धायरीच्या डोंगरापलीकडे खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे. तिथली मुलं सीमेवर जाऊन जे राखतात ते हेच, दुसरं काय? मग त्यांनी तिकडे राखायचं आणि आपण इकडे जिन्यात सोडून द्यायचं, हा कुठला हिशेब?

बेकरी 2013 मध्ये पुन्हा उघडली. मुलीला घेऊन मुद्दाम गेले. धायरीहून दोन बस बदलून, एका केकसाठी. दारात पिशवी उघडून दाखवली, आत बसलो, शेजारच्या टेबलावर कुणीतरी गिटार घेऊन आलं होतं. केक मला फार गोड वाटला. पुन्हा मात्र गेलो.

शिबिराची तारीख मंडळाला पटवायला वेळ लागला. पटली तेव्हा पोरांनी फ्लेक्सचा मजकूर आणला. वर तिरंगा, खाली पकडलेल्या आरोपीचा फोटो आणि 'फाशी द्या'. मी म्हटलं, हा फ्लेक्स लागणार नाही. वाद झाला, चांगला तासभर. पोरांना माहीत नव्हतं की पुण्याच्या न्यायालयाने 2013 मध्ये फोटोतल्या हिमायत बेगला फाशी सुनावली होती, आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयाने कटाच्या आणि खुनाच्या आरोपांतून त्याला मोकळं करून स्फोटकं बाळगल्याबद्दल जन्मठेप कायम ठेवली. "म्हणजे काकू, सोडून द्यायचं?" सोडून कोण देतंय? पण पुरावा जेवढा तेवढीच शिक्षा, हा नियम आपण मोडला तर 17 माणसांच्या नावाने आपण काय राखलं?

मग 26/11 च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबचा विषय निघालाच. त्याला बिर्याणी घातली, खटल्यावर कोट्यवधी उडवले, वगैरे. तो फासावर गेला तो इथे, येरवड्यात, 21 नोव्हेंबर 2012 ला सकाळी. त्याआधी विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, प्रत्येक ठिकाणी त्याच्या बाजूने बोलायला वकील होता. तो जिवंत सापडला म्हणून हल्ला कुठून आला ते जगासमोर सिद्ध करता आलं. आणि जिवंत सापडला कारण साताऱ्याकडच्या केडंबे गावचे पोलीस तुकाराम ओंबळे हातात नुसती काठी असताना पुढे झाले आणि त्यांनी बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली. त्यांनी ज्याला न्यायालयापर्यंत पोचवलं, त्याच्या खटल्याला वायफळ खर्च म्हणणं मला तरी जमत नाही. पोरं गप्प बसली. पटलं की कंटाळली, सांगता येत नाही. फ्लेक्सवर शेवटी तारीख, जागा आणि 'नाश्ता करून यावे' एवढंच आलं.

अर्थात विसरण्यात आपला हात धरणारं कुणी नाही. 1 ऑगस्ट 2012 ला जंगली महाराज रस्त्यावर एका संध्याकाळी चार स्फोट झाले, 10 जुलै 2014 ला फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात मोटरसायकलमध्ये स्फोट झाला. शिबिरात रांगेत बसलेल्यांना मी हे विचारते. दहातला एखादा सांगतो, आणि तोही बहुतेक पेठेतला असतो.

22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली. त्यात पुण्यातले दोघं होते, डोंबिवलीचे तिघं होते, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथलाच एक घोडेवाला होता. त्या आठवड्यात धायरी फाट्यावर मेणबत्त्या लागल्या, सिंहगड रस्त्याच्या नेहमीच्या कोंडीत अडकलेले लोकही गाडीतून उतरून उभे राहिले. मला रात्री अकराला फोन, "काकू, शिबिर लावूया का लगेच?" मी म्हटलं, नको. यादी करा. तीन गट पाडा. एक मेमध्ये द्या, एक ऑगस्टमध्ये, एक दिवाळीत. पहिल्या खेपेला बऱ्यापैकी आले. दिवाळीला जे आले त्यात आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला होता, त्याचा मुलगा होता आणि फाशीचा फ्लेक्स आणणारा पोरगाही होता. तिघं एकाच बाकावर ओआरएस पीत बसले होते आणि विषय क्रिकेटचा चालला होता. रक्तदात्याच्या फॉर्मवर नाव, वय, वजन, शेवटचं जेवण कधी, असं सगळं विचारतात. धर्माचा रकाना त्यात नाही.

मी आता निवृत्त आहे, वयामुळे माझं रक्त चालत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. अठरा पूर्ण असाल, वजन पंचेचाळीस किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर तुम्ही चालता. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. आमच्या 13 फेब्रुवारीला जरूर या, पण तेवढ्यावर भागवू नका. रक्तपेढ्या सगळ्यात रिकाम्या असतात त्या मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि निम्मं पुणं गावाला गेलेलं असतं तेव्हा. तेव्हा जवळच्या रक्तपेढीत जा. कुणी बोलावायची वाट बघू नका.