तुरा लाल होईपर्यंत

पिल्लू नर की मादी, हे सांगायचं तर आधी ते कोणत्या जातीचं, हे कळायला लागतं. लोक नेमकं उलटं करतात. पिल्लं समोर ठेवतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "काकू, यातले कोंबडे किती?" मी विचारते, "आणली कुठनं?" त्यांना वाटतं, काकू वेळ काढतेय. तसं नसतं. सहा-सात आठवड्यांच्या ऱ्होड आयलंड रेडचा तुरा लालबुंद झाला असेल, तर तो कोंबडा, असं मी खुशाल सांगते. तसाच तुरा पांढऱ्या लेगहॉर्नच्या डोक्यावर दिसला तर घाई करत नाही. त्या जातीत तलंगांनाही, म्हणजे तरुण माद्यांनाही, तुरा भला मोठा येतो, पुढं तर तो एका बाजूला कलंडतो. असिलचं दुसरं टोक. त्याचा तुरा मुळातच बारीक, तीन ओळींचा, डोक्याला चिकटलेला. त्यावर विसंबलात तर खुराड्यातले सगळेच कोंबडे तलंगा वाटतील. असिलचा नर ओळखावा तो पायांच्या जाडीवरून आणि ताठ उभं राहण्यावरून. कडकनाथचा तुरा काळपट. तिथं लाली चढायची वाट बघण्यात अर्थ नाही, वाढ किती झाली तेवढं बघायचं.

कडकनाथवरून मात्र हल्ली डोक्याला ताप झालाय. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भाव वाढला, आणि गावोगाव प्रत्येक काळं पिल्लू कडकनाथ झालं. काळी पिसं ऑस्ट्रॉलॉर्पलाही असतात. म्हणून मी पिसांकडं बघतच नाही. पिल्लू उताणं धरायचं, पोटावर हलकी फुंकर मारायची. लव दुभंगते आणि खालची कातडी दिसते. ऑस्ट्रॉलॉर्प असेल तर ती पांढरट, तळपायही पांढरा. कडकनाथची कातडी, तळपाय, चोच उघडली तर जीभ, सगळं काळपट. जन्मलेल्या दिवशीचं पिल्लू निळसर काळं असतं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. एवढं करूनही संकर निघू शकतो, कारण कडकनाथचा काळेपणा संकरातही बऱ्यापैकी उतरतो. तेव्हा काळी जीभ दाखवून दुप्पट पैसे मागणाऱ्याला मी आईबाप दाखवायला सांगते.

गावरानचं कोडं वेगळंच. एकाच कोंबडीखाली उबवलेली दहा पिल्लं दहा रंगांची निघतात. एखादं मान उघडी असलेलं, एखादं उलट्या पिसांचं. यांची जात सांगा म्हणणाऱ्याला मी "गावरान" एवढंच सांगते आणि त्याचा चेहरा पडतो. परसासाठी म्हणून तयार केलेली गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली, वनराज हैदराबादच्या संशोधन संस्थेतली. रंगीत पिसांमुळं बाजारात दोन्ही गावरान म्हणून खपतात. हातात घेतलं की वजनच बोलतं. सायकलवर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात, त्यांची कथा निराळी. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. उबवणी केंद्राला फक्त माद्या हव्या असतात, म्हणून पहिल्याच दिवशी निवड होते आणि नर बाहेर पडतात.

पहिल्या दिवशी निवड करतात कशी, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. पिलाचं गुदद्वार अलगद उलगडून आतला बारीकसा उंचवटा बघायचा. जपानच्या मासुई आणि हाशिमोतो यांनी ही पद्धत १९२७ मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत मांडली. सरावलेला माणूस तासाला शेकडो पिल्लं बघतो. घरी कुणी करू नये, चुकीच्या दाबानं पिल्लू दगावतं. दुसरी रीत पंखांची. पंख उजेडात पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरचीपेक्षा लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या असतील तर नर. पण ही खूण मुद्दाम तशी पैदास केलेल्या वाणातच चालते. गावरानच्या पंखात ती शोधणं म्हणजे पंचांगात एसटीचं वेळापत्रक शोधणं. प्लायमाउथ रॉकसारख्या पट्टेवाल्या जातींत निसर्गानंच सोय केलीय. पट्ट्यांचं जनुक नराला दोन बाजूंनी मिळतं, मादीला एकाच, त्यामुळं नर फिकट दिसतो आणि लहानपणी त्याच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका मोठा असतो.

आमच्याकडं अंगठी दोऱ्याला बांधून पिलावर फिरवतात, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो म्हणतात. अर्ध्या वेळा ते खरंच ठरतं, कारण दोनच तर पर्याय आहेत.

मी वाट बघते. तांबूस-तपकिरी गावरान असेल तर महिना-दोन महिन्यांत छातीवरून कळू लागतं. तलंगेची छाती फिकट तांबूस राहते, कोंबड्याच्या छातीत काळी पिसं घुसायला लागतात. तीन महिन्यांच्या आसपास शंका उरत नाही. मानेचं एक पीस बोटांवर घेऊन बघायचं : टोक गोल असेल तर मादी, निमुळतं आणि कडेला चकाकतं असेल तर नर. कमरेवरची पिसंही तशीच टोकदार होऊन दोन्ही बाजूंना लोंबतात. आरवण्यावर मात्र जाऊ नये. काही कोंबडे घरातला थोरला असेपर्यंत तोंडच उघडत नाहीत.

या ओळखीची घाई असते ती आखाडासाठी. फेब्रुवारीत रवणातून, म्हणजे उबवणाऱ्या कोंबडीखालून, उठलेली पिल्लं जुलैत विकायला येतात, आणि श्रावण लागायच्या आत गिऱ्हाइकाला कोंबडाच हवा असतो. घरच्या बाईला तलंगा हव्यात. त्या दिवाळीच्या आसपास अंड्यावर येतील. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो, बाकीचे आखाडात गेले तरी चालतं. राहणारा एक आपल्याच रवणातला ठेवू नये. वरच्या वस्तीतल्या बाईशी माझा करार आहे : तिचा निवडलेला माझ्याकडं, माझा तिच्याकडं. यंदाचा तिचा ढोपरापासून जाड आहे, पण स्वभावानं मारका. शेजारची पोरं आत्तापासूनच काठी घेऊन येतात.