बाबूला झोपू दे

नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,


परवा फोनवर तू बाबूवर फार चिडला होतास. सतराचा घोडा झाला तरी हलवून हलवून उठवावं लागतं, रविवारी दहा वाजले तरी अंथरूण सोडत नाही, पोरगा आळशी निपजला, असं म्हणालास. फोनवर वाद नको म्हणून मी गप्प राहिले. पण पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकणारी मुलं मी शाळेत इतकी पाहिली आहेत की हे लिहिल्यावाचून राहवत नाही. बाबू आळशी नाही. त्याची झोप आपण मोठी माणसंच दोन्ही टोकांनी कुरतडतो आहोत.

तूच हिशेब कर. सौंसरचा क्लास साडेसहाला, म्हणजे पाचला उठणं आलं. रात्री साडेअकराच्या आत त्याला झोप लागत नाही, हे वहिनीच सांगते. झाले साडेपाच तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. त्यातला खालचा आकडा धरला तरी रोजची तूट अडीच तासांची, सहा दिवसांची पंधरा. रविवारी तो ती भरून काढायला बघतो, आणि एका सकाळीत ती भरतही नाही.

‘मग लवकर निजावं की’ हे तुझं पुढचं वाक्य मला पाठ आहे. त्याच्या हातात ते असतं तर मीही तेच म्हटलं असतं. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होऊ लागतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. वयात येताना ही वर्दीच उशिरा येऊ लागते, कुणाला तासाभराने, कुणाला दोन तासांनी. शिवाय दिवसभर जागून लहान मुलाला जसा संध्याकाळी शीण येतो, तसा या वयात लवकर येत नाही. म्हणून नवाला दिवा मालवून त्याला निजवलंस तरी तो आढ्याकडे बघत पडून राहतो. जर्मनीतल्या टिल रोनेनबर्ग यांनी हजारो माणसांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. झोपायची नैसर्गिक वेळ पुढे पुढे सरकत विशीच्या आसपास सर्वांत उशिरा जाते आणि मग हळूहळू मागे येते, असं त्यांना आढळलं. तू आता साडेचारला आपसूक उठतोस, ते वयामुळे. विसाव्या वर्षी आई तुला कशी उठवायची ते आठव.

मुलगा मोठा झाला की त्याला झोप कमी लागते, असंही आपण धरून चालतो. मेरी कार्स्केडन या बाईंनी १९७६ पासून दर उन्हाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांची झोपेची शिबिरं घेतली. दहा-बारा वर्षांची मुलं घेतली, तीच मोठी होत पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि रोज रात्री त्यांना दहा तास अंथरुणात ठेवलं. वय वाढेल तशी झोप घटेल, असा सगळ्यांचा अंदाज होता. मुलं मात्र वाढत्या वयातही सव्वानऊ तासांच्या आसपास झोपत राहिली, आणि वयात आल्यावर तेवढी झोप घेऊनही दिवसा जास्त पेंगू लागली. म्हणजे गरज होती तेवढीच आहे. घटली ती मिळणारी झोप.

आता आपल्या गावाचं, रामाकोन्याचं बघ. देशभराच्या घड्याळाची वेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या रेखांशाची. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळापेक्षा पंधराएक मिनिटं मागे. पाच वाजले म्हणून बाबूला हलवतोस तेव्हा सूर्याच्या हिशेबाने पावणेपाचच झालेले असतात. ही पंधरा मिनिटं किरकोळ वाटतील. पण मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने देशभरातल्या मुलांची माहिती तपासली, तर सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी भरते, असं दिसलं. निजायची वेळ सूर्याबरोबर पुढे जाते आणि शाळेची घंटा जागची हलत नाही. याची झळ गरीब घरांना जास्त बसते, हेही त्याने दाखवलं आहे. ते मला लगेच पटलं, कारण आपल्या गावात झोप कशाकशाने तुटते ते मी पाहिलंय.

शेतीची लाईन रात्रीच्या पाळीत आली की गव्हाच्या ओलिताला वावरात बाबूच जातो. दिवाळीत मी होते तेव्हा हरभऱ्यात रानडुकरं शिरली म्हणून शेजारची तीन पोरं जागलीला जात होती. तिघंही शाळेत जाणारी, सकाळी डोळे लालबुंद. संत्र्याचा माल रात्री गाडीत भरायचा असला की क्रेट उचलायला हीच मुलं. मे महिन्यात छपराच्या पत्र्यांखाली पहाटेपर्यंत उकाडा. यातलं काहीच मुलांनी हौसेने ओढवून घेतलेलं नाही.

आणि छोटी. तिच्याबद्दल तू काहीच बोलला नाहीस, कारण ती तक्रार करत नाही. नववीतली पोर. नळ आला की पहिली उठते ती. पाणी भरायचं, अंगण झाडायचं, सडा टाकायचा, बाबूचा डबा बांधायला वहिनीला हात लावायचा आणि मग स्वतःची वेणी. रात्री भांडी आटोपून ती पुस्तक उघडते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ती भूगोलाच्या वहीवरच झोपली होती. नर्मदेचं खोरं काढता काढता पेन घसरलं होतं आणि शाईची रेघ समासाबाहेर जाऊन चादरीवर उतरली होती. बाबूला निदान रविवार आहे, तिला तोही नाही. मुलगी वयात आली की आपण तिची झोप कमी करतो आणि त्याला वळण म्हणतो. मला हे पटत नाही.

मोबाईलचं म्हणशील तर तुझं खरं आहे. त्या उजेडाने मेलाटोनिन आणखी लांबतं, आणि एकामागून एक व्हिडिओ बघणारं मन जागंच राहतं. रात्री दहाचा चहाही बंद करायला हवा, त्यातलं निम्मं कॅफीन पाच-पाच तास अंगात राहतं. पण मोबाईल काढून घेतलास आणि क्लास साडेसहालाच ठेवलास, तर फार तर अर्धा तास हाती लागेल.

ब्रह्ममुहूर्ताचं सांगू नकोस. ब्रह्ममुहूर्तावर उठणारी माणसं दिवेलागणीनंतर जेवून निजत होती. आपण त्यांचं उठणं घेतलं, निजणं सोडून दिलं. शाळांच्या भिंतींवर विद्यार्थ्यांसाठी श्वाननिद्रा, म्हणजे कुत्र्यासारखी सावध झोप, रंगवून ठेवली आहे. चरकाने मात्र आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीला निद्रा हाही शरीराचा एक उपस्तंभ मानला. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. पहाटे झोप मोडून केलेलं पाठांतर म्हणजे फुटक्या घागरीत भरलेलं पाणी.

इकडे महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. चांगलं झालं. पण चौथीपर्यंतची लेकरं रात्री आठ-साडेआठलाच डुलायला लागतात. ज्यांचं शरीरच त्यांना उशिरा निजवतं, ती आठवी ते बारावीची मुलं त्या निर्णयाबाहेर राहिली. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये नेमक्या याच वयाच्या मुलांच्या शाळा सात पन्नासऐवजी पावणेनऊला सुरू केल्या. मुलं उशिरापर्यंत जागतील ही तिथेही भीती होती. प्रत्यक्षात त्यांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवायच्या नाहीत, असा कायदाच आहे.

आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल. सौंसरच्या क्लासचे सर तुझ्या ओळखीचे आहेत. रामाकोन्यातून जाणाऱ्या मुलांचे बाप मिळून गेलात, तर एक तुकडी ते संध्याकाळी पाचला नक्की घेतील. परीक्षा फेब्रुवारीत आहे, अजून तीन महिने हातात आहेत. शिवाय धुक्यात, झोपेत, छिंदवाडा रोडच्या ट्रकांमधून मोटरसायकलवर जाणारं पोर मला रोज डोळ्यांसमोर दिसतं. तेवढ्यासाठी तरी जा.

परीक्षा होईपर्यंत रात्रीच्या ओलिताला गडी लाव, त्याचे पैसे मी पाठवते. सकाळचं पाणी बाबूने आणि छोटीने एकाआड एक दिवस भरावं. मोबाईल साडेनवाला मधल्या खोलीत ठेवायचा, तुझाही. आणि येत्या रविवारी छोटीला कुणी हाक मारू नका, असं वहिनीला माझ्या नावाने सांग.

क्लासच्या सरांशी काय बोलणं झालं ते कळव. मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार.

तुझी बहीण