एका मिनिटाचे प्रवचन

प्रवचन दहा मिनिटांपलीकडे गेले, की तरुण मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, हे आम्हां धर्मगुरूंना वेदीवरून स्पष्ट दिसते. म्हणूनच इंडोनेशियातील बांडुंग शहराची हकीकत आम्हांला विचार करावयास लावते. तेथे हनान अत्ताकी ह्या मुस्लिम उपदेशकांनी २०१५ साली तरुणांची चळवळ उभी केली. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ लोकरी टोपी घालून, स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलांशी त्यांच्याच बोलीत बोलत आणि इन्स्टाग्रामवर एका मिनिटाची चित्रफीत ठेवीत. चळवळीचा परवलीचा शब्द 'हिजरत'. इ. स. ६२२ मध्ये महंमद पैगंबरांनी मक्केहून मदिनेस केलेले प्रयाण, हा त्याचा मूळ अर्थ. ह्या तरुणांच्या तोंडी मात्र, जुने वर्तन टाकून देवाकडे वळणे. आपण ह्यालाच हृदयपरिवर्तन म्हणतो. मशिदीला पारखी झालेली मुले पुन्हा नमाजास उभी राहिली, ह्याचे आम्हांस कौतुकच वाटते.

फेलिक्स सियाऊ ह्यांच्या नावापाशी आम्ही थबकतो. चिनी वंशाच्या कॅथलिक घरात वाढलेले हे गृहस्थ २००२ साली, विद्यार्थिदशेत, मुसलमान झाले. विवाहापूर्वीची प्रेमप्रकरणे तोडा, हा त्यांचा उपदेश असंख्य तरुणांनी फोनवर ऐकला.

जावा बेटावरील जुनी रीत निराळी. मुलाने 'पेसांत्रेन'मध्ये राहून गुरूच्या पायाशी वर्षानुवर्षे ग्रंथ वाचावेत, आणि त्या गुरूचा गुरू कोण, हेही त्याला ठाऊक असावे. १९२६ साली स्थापन झालेली नहदलातुल उलमा ही संस्था ह्याच परंपरेची. आमची सेमिनरीतील वर्षेही अशीच गेली; आमच्या गुरुजनांना आमचा आळससुद्धा ओळखीचा होता! फोनवरील उपदेशक ऐकणाऱ्यास ओळखत नाही. प्रेम तोडू की नको, ह्याचे उत्तर तेथे सर्वांना एकच मिळते. लक्षणीय गोष्ट अशी, की मे २०२३ मध्ये स्वतः अत्ताकी मलांग येथे निष्ठेची शपथ घेऊन त्या जुन्या संस्थेत सामील झाले.

आमच्या धर्मग्रामातील एका मातेने विचारले, "फादर, पोरगा रात्रभर फोनवर कुठल्याशा पास्टरची प्रवचनं ऐकतो. फोन काढून घेऊ का?" आम्ही नको म्हटले, त्याला आमच्याकडे धाडा, असे सांगितले. तो आला. ऐकलेले सारे त्याने भराभर सांगितले, बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "फादर, पप्पांनी दारू सोडली नाही, तरी मी त्यांना माफ करायचं का?"

सायंप्रार्थनेची घंटा होईपर्यंत आम्ही दोघे पडवीत बोलत होतो. शनिवारी तो पुन्हा यावयाचा आहे.