मागच्या दाराचं कुलूप

मोरगावात राहून बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कचेऱ्यांची अग्निसुरक्षा तपासणाऱ्या त्या गृहस्थांना आपल्या नाकाचा फार तोरा होता. पतसंस्थेत पाऊल टाकताच कॅशिअरच्या पायाशी कुठला बोर्ड तापतोय ते वासावरून सांगायचे, आणि सांगताना शाखाधिकारी ऐकतोय ना, हेही बघायचे. करोनात नाक गेलं. परत आलं ते अर्धंमुर्धं. आता हाताखालची मुलगी उष्णता टिपणारा कॅमेरा धरते आणि सैल स्क्रू पडद्यावर पिवळाधमक दिसतो. ते मान डोलावतात. त्यात कौतुक कमी, असूया जास्त, हे त्यांनीच सांगितलेलं.

पण नाक शाबूत होतं तेव्हाही मागच्या दारानं त्यांना दाद दिली नव्हती.

एकाच एक्स्टेंशनवर लटकलेले प्रिंटर, कूलर, किटली वेगळे करता येतात. जिन्यातली दप्तरं हलवता येतात. कुलूप निघत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते, बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीविना उघडता आलं पाहिजे. शाखाधिकारी म्हणतो, आत तारणाचं सोनं आहे. दोघांचंही खरं. चोरीची बातमी पेपरात सारखी येते. आपल्याच कचेरीत लागलेली आग कुणी पाहिलेली नसते. काच फोडून काढायची किल्ली लावून झाली, ती शिपायाच्या खिशात गेली. नुसती कडी ठेवावी, तर संचालकांना झोप लागत नाही.

मग ते 21 जून 2012 काढतात. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावरची आग वर चढली, पाच जण गेले. त्यांत बारामतीचे दोघे. या भागात एवढं सांगितलं की खोली गप्प होते. उरुळी देवाचीचं, 9 मे 2019 चं सांगितलं की आणखीच: साड्यांच्या दुकानात झोपलेले पाच कामगार आणि बाहेरून बंद दार. कुलूप पुढच्या खेपेला तिथंच असतं. मेलेल्यांचा असा वापर करण्याची त्यांना लाज वाटते, आणि खोली गप्प झाली की बरंही वाटतं.

उरलेला राग धंद्यातल्या लोकांवर. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यानं अग्निसुरक्षा यंत्रणेचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. त्या हंगामात दुचाकीवरून येणारी काही पोरं आग विझवायच्या सिलिंडरवर नवं लेबल डकवतात, चहा पितात, जातात. काटा हिरव्यात आहे म्हणे! काटा दाब सांगतो. पावडरचा आत दगड झालाय का, ते सिलिंडर उलटा करून ठोकल्याशिवाय कळायचं कसं?

मुलीनं मात्र शाखाधिकाऱ्याला साधंच विचारलं: "साहेब, चोर रात्री येणार, माणसं दिवसा असणार. मग दिवसा कुलूप कशाला?" ठरलं असं की सकाळी मागचं कुलूप काढून हजेरीपुस्तकावर आणून ठेवायचं, त्याशिवाय सह्या नाहीत. इतक्या वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून ते दोन दिवस घुश्श्यात होते.

माघी चतुर्थीला मयूरेश्वराच्या दर्शनाला गर्दी उसळली. भाविक संडासाची चौकशी करत शाखेच्या मागच्या दारानं आत शिरू लागले, तसं शिपायानं भर दुपारी कुलूप घातलं. तेही आतला हॉल भरलेला असताना. मुलगी चिडली. त्यांनी अहवालात लाल शेरा मारला. तिचीही युक्ती फसली म्हणून ते मनातून जरा खूश होते.