ताईंचं देणं

“या उपचारात जादू नाही, आणि सगळ्यांना सारखाच गुण येतो असंही नाही,” ठाण्याच्या नौपाड्यातल्या समुपदेशक ताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. त्यांचे उपकार मी तिथपासून मोजते.

२६ मे २०१६ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा आमच्या निवासी विभागातल्या घराच्या सगळ्या काचा आत आल्या. मानेवरचे टाके सुकले, पण पुढे कुकरची शिट्टी झाली तरी मी ओट्याशी खाली बसायची. “किती दिवस तेच धरून बसणार?” असं घरचे मायेनंच विचारत. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे मनाच्या दुखण्याबद्दल उघड बोललं जातं, म्हणून निदान कुणाकडे तरी जावं हे सुचलं.

ताईंनी सगळी हकीकत पुन्हा सांगायला लावली नाही. आधी काही भेटी नुसत्या श्वास सावरायला आणि मनातली एक सुरक्षित जागा शोधायला गेल्या. मग, “सगळ्यात नकोसं चित्र कोणतं? शून्य ते दहात त्रास किती?” माझं उत्तर होतं, पडद्यात अडकलेली काच, नऊ. त्या दोन बोटं डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे फिरवायच्या, मान न हलवता मी नजरेनं मागे जायची. थांबून विचारायच्या, “आता काय येतंय?” मी म्हणायची, धूळ, आईची हाक, कधी काहीच नाही. “बरं, तेच असू द्या,” की पुन्हा बोटं. एकदा मी हुंदके देऊन रडले, तेव्हा त्यांनी घाई केली नाही की थोपटलंही नाही. काही भेटींनंतर काच दिसायची, पण लांब.

ही ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या आधारानं आघाताची आठवण हाताळण्याची पद्धत. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरोंना ती १९८७ मध्ये सुचली, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मनाच्या त्रासासाठी, तिची शिफारस केली. आघातावर बेतलेल्या सीबीटी या विचार-वर्तन उपचारपद्धतीइतकाच तिचा गुण येतो. वाद आहे तो डोळ्यांचा. २००१ च्या एका एकत्रित विश्लेषणात डोळे फिरवण्याचा वेगळा फायदा दिसला नाही, २०१३ च्या दुसऱ्यात दिसला. आठवण आणि बोटं दोन्हीकडे एकदम लक्ष देताना आठवणीची धार कमी होते, असा एक तर्क आहे. हे सगळं मला ताईंनीच सांगितलं, स्वतःच्या विद्येची बाजू न घेता. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो यामुळेच.

२३ मे २०२४ ला एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला. छाती धडधडली, हात कापले, पण मी चपला घालून शेजारच्यांकडे गेले आणि त्यांच्या मुलीच्या केसांतल्या काचा वेचल्या. पुढे महिनाभरानंही ती रात्री दचकून उठायची, तेव्हा तिच्या आईला ताईंचा नंबर मीच दिला.