कुठला प्रेषित गं?

आठवीत असताना मी वाचनालयातून एक पुस्तक घरी आणलं. नाव होतं 'प्रेषित'. टेबलावर ते बघून पप्पांचा चेहरा खुलला. आमच्या घरात प्रेषित म्हटलं की पेत्र, योहान, पौल. पोरगी आपणहून चांगलं वाचायला लागली, असं त्यांना वाटलं. दोन दिवसांनी जेवताना त्यांनी कौतुकानं विचारलं, "कुठला प्रेषित गं? पेत्र की पौल?"

मी म्हटलं, "नाही पप्पा, हा दुसऱ्या जगातून आलाय."

आईला हसून हसून ठसका लागला. पप्पा मात्र हसले नाहीत.

पुस्तक जयंत नारळीकरांचं होतं. ह्याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली होती. बक्षीस मिळालंच. हे सगळं मी पप्पांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "हुशार माणूस. पण देवानं केलेलं जग बघून संपलं काय तुझं, म्हणून दुसरं पाहिजे?"

पप्पा पाळक नाहीत. पण पाळकसाहेब गावाला गेले की उपासना तेच चालवतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे घडलं नाही ते घडलं म्हणून सांगणं म्हणजे खोटं, आणि नववी आज्ञा सगळ्यांना पाठ आहे. संडे स्कूलच्या आमच्या टीचरनी तर जादूगारांच्या गोष्टींवरून अनुवादाचा अठरावा अध्याय उघडून दाखवला होता. मी गप्प बसले. वाचणं मात्र सोडलं नाही. नारळीकर अंकगणिताच्या वहीखाली गेले, एवढंच.

कॉलेजात आल्यावर सी. एस. लुईस भेटले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकवणारा हा माणूस आधी नास्तिक होता. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री मित्र टॉल्किन यांच्याबरोबर फिरताना पुराणकथांवर बोलणं निघालं, आणि लुईस ख्रिस्ताकडे वळले त्यात त्या रात्रीचा मोठा वाटा होता. पुढे १९३८ साली त्यांनी 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' लिहिली. त्यात मंगळावर माणूस पोचतो आणि त्याला कळतं, की इथले जीव पापात पडलेलेच नाहीत. बिघडलेली आहे ती आपली पृथ्वी. ते वाचून मी पुस्तक मिटून बसले. लहानपणापासून ऐकलेली आदाम-हव्वेची गोष्ट मला पहिल्यांदाच बाहेरून दिसली. उपदेश ऐकताना असं कधी झालं नव्हतं.

मग मी पवित्र शास्त्रच वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. शास्तेच्या नवव्या अध्यायात योथाम डोंगरावर उभा राहून लोकांना गोष्ट सांगतो. झाडं राजा निवडायला निघतात. जैतून नको म्हणतो, अंजीर नको म्हणतो, द्राक्षवेलही नको म्हणते, शेवटी काटेझुडूप तयार होतं. बोलणारी झाडं! नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगतो. तो गरीब कुठंच नव्हता. पण राजा चिडतो आणि स्वतःच्याच पापात पकडला जातो. आपल्या प्रभूनं सांगितलेले दाखले तर आपण रोजच्या बोलण्यात वापरतो.

आपल्या बेळगावचंच उदाहरण घ्या. बाबा पदमनजी १८३१ साली इथंच जन्मले. ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. पुष्कळ जण त्याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. त्यातली यमुना कल्पित आहे. विधवांचे हाल कल्पित नाहीत.

एवढं हाताशी असून मी पप्पांशी वाद घातला नाही. मुद्दे जिंकून काय मिळणार होतं? आणि त्याच सुमारास घरात दुसरंच घडलं.

आमची थोरली आत्या आजारी पडली. किडन्या गेल्या होत्या. मंडळीनं प्रार्थनेची साखळी धरली. दिवसरात्र, एकेकानं एकेक तास. माझा तास पहाटे चारचा होता. मी मनापासून मागितलं. आत्या गेली. घरी येणारे सगळे म्हणाले, प्रभूची इच्छा. मीही मान हलवली. विचारायचं होतं ते कुणाला विचारणार? घरात विचारलं असतं तर पप्पांना लागलं असतं. देवळात विचारलं असतं तर माझ्यासाठीच साखळी धरली असती.

म्हणून मी एक ग्रह केला. आपल्या वाङ्मय मंडळाच्या कथास्पर्धेसाठी. त्या ग्रहावर सकाळी मागितलेलं संध्याकाळपर्यंत मिळतं. आजारी माणूस उठून बसतो. गोष्टीतल्या मुलीची आत्या शेवटच्या परिच्छेदात चुलीपुढं बसून भाकरी थापते. लिहून झाल्यावर मला दोन दिवस फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी वही पप्पांच्या हातात होती. मी लपवायला विसरले, की विसरायचंच होतं, कोण जाणे. चष्मा लावून ते पानं उलटत होते. म्हटलं, आता नववी आज्ञा. पण त्यांनी वही मिटली आणि काहीच बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, "तुझ्या ह्या ग्रहावर कुणी कुणाच्या घरी जात नाही की गं."

मला कळेना. मग कळलं. आत्या आजारी असताना आमचं घर कधी रिकामं नव्हतं. शेजारच्या पाटील काकू रोज भाकऱ्या करून पाठवायच्या. पप्पांच्या ऑफिसातले दोघं रक्त द्यायला आले, त्यांतला एक त्याआधी आमच्याशी धड बोलतही नव्हता. माझ्या ग्रहावर ह्यातलं काहीच लागत नाही. तिथं मागितलं की मिळतं, मग दार कोण वाजवणार?

पप्पा पुढं म्हणाले, "माझा तास रात्री दोनचा होता. मला प्रार्थना येईना. एक शब्द सुचला नाही. नुसते अक्काचे पाय चेपत बसलो तासभर." थोडा वेळ थांबून म्हणाले, "कुणाला सांगितलं नाही मी हे."

इतकी वर्षं उपासना चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे बाहेर पडलं ते एका खोट्या ग्रहामुळं. मी सरळ विचारलं असतं तर त्यांनी मला एखादं वचन सांगितलं असतं, आणि मी मान हलवली असती.

कथेचा शेवट मी बदलला. आत्याला बरं केलं ते काही काढलं नाही, पण मुलीला आता घरात एक गोष्ट खटकते. आत्या उठून बसली, तरी बघायला कुणीच आलेलं नाही. ती दारात जाऊन वाट बघते. तिथंच कथा थांबते. स्पर्धेत नंबर आला नाही. शेवट अपुरा वाटतो, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. बरोबर आहे. माझ्याकडेही उत्तर तेवढंच आहे.

आपल्या मंडळातल्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणी मला कधीकधी विचारतात, असलं लिहिलेलं चालतं का? मला आता एवढंच म्हणावंसं वाटतं. जग खुशाल कल्पित असू दे, पण त्यात नेलेला प्रश्न आपला खरा असावा. आणि तो सोडवायला लेखकानं परस्पर चमत्कार करू नये. तो माझ्या पहिल्या शेवटात होता, आणि पप्पांनी नेमका तोच पकडला.

गेल्या आठवड्यात मी वाचनालयात निघाले होते. पप्पा म्हणाले, "ते तुझं 'प्रेषित' मिळालं तर आण की." आणलं. काल रात्री बघितलं तर निम्मं वाचून झालं होतं, मध्ये खूण म्हणून उपासनेचा कागद घातलेला. मी विचारलं, "कसं आहे?"

चष्म्यावरून बघत म्हणाले, "बरं आहे. पेत्र काही अजून आला नाही."